आठ तास झोपूनही पेंग येते तेव्हा

वाळवा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून ते इथे देत आहोत.

"आमचे मालक ४७ वर्षांचे. साखर कारखान्यात मिलला ऑइलमन आहेत, यंत्रांना तेल-वंगण देतात. हंगामात पाळ्या असतात, पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४, दर आठवड्याला बदलतात. शिवाय दोन एकर ऊस आहे. शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातात. कुठंही बसले की पेंगतात, टीव्हीपुढं, सोसायटीच्या सभेत, एसटीत. जेवताना ताटावर डुलकी लागलेली मी पाहिली आहे. वजन ९४ किलो, उंची पाच फूट पाच इंच. बीपीची गोळी तीन वर्षं चालू आहे, यंदा दुसरी वाढवली. सर्दीची गोळी तर रोज रात्री लागतेच. सोप्यात झोपले तरी घोरणं माजघरात ऐकू येतं. मधेच आवाज बंद होतो आणि मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, सकाळी डोकं जड असतं. सासूबाई म्हणतात, एवढा घोरतो म्हणजे गाढ झोपतो, वर दिवसाही झोप, आळस अंगात मुरलाय. थायरॉइड आणि शुगर तपासली, नॉर्मल आली. डॉक्टरांनी ताकदीचं टॉनिक दिलं. नवल म्हणजे पावसाळ्यात कारखाना बंद असतो, नुसती दिवसपाळी असते, आठ-आठ तास झोपतात, तरी पेंग जात नाही. मागच्या महिन्यात आष्ट्याच्या पुढं मोटरसायकल साइडपट्टीवरून खाली गेली. मी मागं बसले होते. पडलो नाही एवढंच. ते म्हणतात डोळा लागलाच नव्हता. मुलगी १७ वर्षांची, बारावीला आहे, तीही वर्गात पेंगते. हे रक्तातूनच आलंय का? मी काय करू?"

ताई,

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पावसाळ्यात आठ तास झोपतात, तरी पेंग जात नाही. दुखण्याची किल्ली तिथंच आहे, तिच्याकडे येतोच. पण आधी गाडीचं बोलू. बाकीचं सगळं आठ-पंधरा दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

आजपासून मालकांच्या मागे तुम्ही बसू नका, मुलीलाही बसू देऊ नका. रातपाळी सुटल्यावर पहाटे ४ वाजता त्यांनी एकट्यानं गाडी चालवू नये. त्याच पाळीच्या एखाद्या सहकाऱ्याच्या मागे बसून यावं, किंवा कारखान्यातच वीस मिनिटं आडवं होऊन मग निघावं. पहाटे ३ ते ५ ही शरीराच्या घड्याळातली सगळ्यात खालची वेळ. अंगाचं तापमान तेव्हा सर्वात कमी असतं आणि झोपेची ओढ सर्वात जास्त. धडधाकट माणसालाही तेव्हा झापड येते, आणि तुमचे मालक त्या वेळेला आधीच झोपेच्या थकबाकीत असतात.

"डोळा लागलाच नव्हता" असं ते म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. मेंदू काही सेकंदांपुरता झोपेत जातो, डोळे अर्धवट उघडे राहतात, हात हँडलवरच असतात, आणि इतक्या छोट्या झोपेची आठवण राहत नाही. ताशी ५० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ५५ मीटर, साधारण विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, आणि तेवढ्या अंतरात गाडीला चालक नाही. हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. रस्ता मोकळा होता म्हणून तुम्ही त्या दिवशी वाचलात.

आणखी एक हिशोब मालकांना सांगा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हातपाय आणि नजर साधारण तेवढीच ढिली पडते, जेवढी रक्तात ०.०५ टक्के दारू असताना पडते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्यानं चालते ती मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहिल्या पाळीसाठी ३ वाजता उठलेला माणूस रात्री ८ ला शेतावरून गाडीनं परत येतो तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. एक थेंब न पिता.

गाडीवर झापड येतेय असं वाटलं तर तोंडावर पाणी मारणं, गाणी लावणं, तंबाखूचा बार भरणं यानं दोन-चार मिनिटं बरी जातात, पुढे काही नाही. खरा उपाय एकच. गाडी रस्त्यापासून आत घ्यायची, कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच १५ ते २० मिनिटं झोपायचं. कॅफिनला रक्तात चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येताना दोन्हींचा फायदा मिळतो. झोप अर्ध्या तासापुढे गेली तर मात्र माणूस गुंगीत उठतो. तसं उठून लगेच गाडीवर बसू नये.

आता त्या वाक्याकडे वळू.

दिवसा सारखी झोप येते तेव्हा दोनच प्रश्न आधी विचारायचे. झोप किती मिळते, आणि मिळते ती कशी असते? मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास लागतात. हंगामात मालकांना ते मिळत नाहीत हे पाळ्या आणि रात्रीची लाईट बघूनच कळतं. पत्र एवढ्यावर संपलं असतं तर "झोप वाढवा" एवढंच उत्तर होतं. पण पावसाळ्यात आठ तास पाठ टेकूनही पेंग तशीच राहते, म्हणजे तास भरतात आणि झोप भरत नाही. रात्रभर काहीतरी ती मोडत असणार. काय मोडतं तेही तुम्ही लिहिलंच आहे. घोरणं मधेच थांबतं आणि मग घुसमटून श्वास येतो.

सासूबाईंना वाटतं तसं पुष्कळांना वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही. घोरणारा माणूस दिसतो गाढ झोपल्यासारखाच. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात, वाट अरुंद होते, आणि त्या अरुंद वाटेतून जाणारा वारा टाळूला फडफडवतो तो आवाज म्हणजे घोरणं. ज्यांची वाट पुरतीच मिटते त्यांचा आवाज थांबतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणतो, हवा धाडकन आत येते. तोच तुम्ही ऐकता तो घुसमटल्याचा आवाज. माणसाला यातलं काहीही आठवत नाही. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात, झोपेतली श्वासकोंडी म्हणा. तासाला ३० वेळा असं होत असेल तर सहा तासांत १८० वेळा जाग येते. रात्री कुणाला १८० वेळा हलवून उठवलं, तर दुसऱ्या दिवशी तो सभेत पेंगणार नाही तर काय करणार? त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

बाकीची लक्षणंही याच गाठीत बांधलेली आहेत, म्हणून ती वेगवेगळी धरू नका. रात्री झोपेत रक्तदाब एरवी दहा-वीस टक्क्यांनी उतरतो. इथे दर श्वासकोंडीला तो उसळतो, मग दिवसाही चढा राहायला लागतो आणि गोळ्या वाढत जातात. दुसरी गोळी लागली यामागे हे कारण असू शकतं, ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. रात्रीच्या लघवीचंही तसंच. बंद घशाविरुद्ध छाती श्वास ओढत राहते, त्या ओढीनं हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण पडतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. शुगर नॉर्मल आहे, मग उठायला का लागतं, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा हे असतं. सकाळचं जड डोकं, कोरडं तोंड, चिडचिड, विसराळूपणा हेही त्यातलंच. नवराबायकोच्या संबंधातली उदासीनताही, जी पत्रात कुणी लिहीत नाही. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह या सगळ्यांचा धोका वाढतो.

हे अंदाजावर सोडायचं नाही, मोजायचं. डॉक्टर वापरतात त्या पडताळणीत आठ मुद्दे असतात: मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा किंवा झोप, श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, उच्च रक्तदाब, ३५ च्या वरचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा), ५० च्या वरचं वय, ४० सेंटिमीटरहून जाड मान आणि पुरुष असणं. पाच किंवा जास्त मुद्दे जुळले तर मध्यम ते तीव्र आजाराची शक्यता मोठी. मालकांचे पाच आत्ताच जुळतात. वय बसत नाही, बीएमआय साडेचौतीसच्या आसपास येतो म्हणून तोही थोडक्यात हुकतो. मान तेवढी शिंप्याच्या टेपनं घशाच्या घाटीखालून मोजा.

पेंग किती आहे हे मोजायलाही एक साधी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात मरी जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती दिली, आजही जगभर तीच चालते. आठ प्रसंगांत डोळा लागण्याची शक्यता किती, हे शून्य ते तीन अशा गुणांनी सांगायचं. बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलेलं असताना, गाडीत प्रवासी म्हणून तासभर न थांबता जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर (दारू न घेता), आणि गाडी रहदारीत दोन-चार मिनिटं थांबली असताना. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं तर पेंग नेहमीपेक्षा जास्त धरायची. हा कागद मालकांनी वेगळा भरावा आणि तुम्ही त्यांच्याबद्दल वेगळा भरावा. ज्याला झोप येते तो स्वतःला कमी गुण देतो हे नेहमीचं आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि चपळाई जवळजवळ दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली, पण आपण फार पेंगतोय असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं. म्हणून मालकांचं "मला काही होत नाही" हे मनावर घेऊ नका, आणि त्यावरून भांडूही नका.

भांडण्याऐवजी व्हिडिओ काढा. ते उताणे झोपलेले असताना मोबाइल अशा जागी ठेवा की तोंड आणि छाती-पोट दोन्ही दिसेल. सलग पाच मिनिटं. आवाज थांबला की मनात आकडे मोजा, दहापर्यंत पोचलात तर ती श्वासकोंडी धरायची. हा व्हिडिओ आधी एकांतात मालकांना दाखवा, सासूबाईंसमोर किंवा मुलीसमोर नको. स्वतःचा श्वास थांबलेला बघितल्यावर तपासणीला नाही म्हणणारी माणसं फार थोडी. मग तोच डॉक्टरांना दाखवा.

सोबत १४ दिवसांची नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढीच: पाळी कोणती, पाठ टेकली किती वाजता, उठले किती वाजता, लघवीला किती वेळा, दिवसा डुलक्या किती, चहा किती आणि शेवटचा कधी. हंगामात असाल तर एक आठवडा दिवसाच्या पाळीचा आणि एक रातपाळीचा असा यावा. हा कागद हातात असला की डॉक्टरांसमोर "कधी कधी झोपतात" असली मोघम उत्तरं द्यावी लागत नाहीत.

घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत तेही बघा. रोज रात्रीची सर्दीची गोळी आधी तपासा. सेटिरिझीन किंवा क्लोरफेनिरामाइन असेल तर तिची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहू शकते. सर्दी कायमची असेल तर नाकाचं मूळ दुखणं दाखवून वेगळा उपाय विचारा. नाक चोंदलं की घोरणंही वाढतं, म्हणजे दुहेरी तोटा. पाठीच्या किंवा नसांच्या दुखण्याला देतात ती प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, खोकल्याची काही औषधं, झोपेच्या आणि "टेन्शनच्या" गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), या सगळ्यांनी दिवसा झापड येते. शेवटच्या दोन तर घशाचे स्नायू आणखी ढिले पाडतात, श्वासकोंडीत त्या नकोतच. मात्र रोज चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका, त्यानं फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

थायरॉइड आणि शुगर झाली हे चांगलं केलंत. हिमोग्लोबिन आणि बी १२ राहिलं असेल तर तेवढं करून घ्या. टॉनिकानं बिघडणार काही नाही, पण मिटणारा घसा टॉनिकानं उघडा राहत नाही. नाकात तूप सोडण्याचंही तेच. कोरडेपणाला बरं, श्वासकोंडीला उपयोग नाही.

तपासणीसाठी छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ गाठा. सांगली-मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. आधी फोनवर एवढंच विचारा, "झोपेची तपासणी, स्लीप स्टडी, तुमच्याकडे होते का? घरी न्यायचं यंत्र मिळतं का?" घरी न्यायच्या प्रकारात नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी, एवढंच असतं. मालकांसारखी ठळक लक्षणं असतील आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर ती बहुधा पुरते. रुग्णालयातल्या तपासणीत शिवाय डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांना तारा लावतात, त्यामुळे झोप कोणत्या टप्प्यात मोडते तेही कळतं. तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, तारा चिकटत नाहीत. दुपारी झोपायचं नाही, दुपारनंतर चहा नाही. बीपीची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घ्यायची. आणि रातपाळीच्या आठवड्यात तपासणी ठेवू नका, दिवसपाळी सुरू होऊन तीन-चार दिवस झाल्यावर ठेवा.

अहवालात तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला याचा आकडा येतो, त्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ऑक्सिजन कुठपर्यंत उतरला तेही त्यात असतं, ते विचारून घ्या.

मध्यम किंवा तीव्र निघालं तर सीपॅप नावाचं यंत्र सुचवतील. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम मांडलं. यंत्र ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा हलक्या दाबानं नाकातून आत ठेवतं, आणि त्या हवेच्या आधारानं घसा मिटत नाही. पहिल्या आठवड्यातच कित्येकांचं सकाळचं डोकं हलकं होतं आणि रात्रीचं उठणं कमी होतं. तरीही बरीच माणसं महिन्याभरात यंत्र कपाटावर टाकतात, आणि त्याची कारणं साधीच असतात, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

मास्क बसत नाही हे पहिलं कारण. मिशी-दाढीतून हवा गळते, डोळ्यांत जाते. दुकानात बसून नव्हे, आडवं होऊन मास्क घालून बघावा, आणि पट्टे आवळून गळती थांबवायला जाऊ नये, त्यानं नाकावर वळ उठतात. माप बदलून मागावं. तोंडानं श्वास घ्यायची सवय असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो. दुसरं, पहिल्याच रात्री घुसमट वाटते. त्यासाठी पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी जागेपणी, टीव्ही बघत, अर्धा तास मास्क लावून बसावं. तिसरं, नाक कोरडं पडतं. यंत्राला पाण्याची टाकी असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बोअरचं घातलं तर क्षार साचतात. यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवायचं, नाहीतर नळीतलं पाणी मास्ककडे येतं. मास्कची उशी रोज ओल्या फडक्यानं पुसायची, आठवड्यातून एकदा मास्क आणि नळी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवायची. लाईट गेली की यंत्र थांबतं आणि माणूस जागा होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वायरिंगवरचा प्लग वापरा. यंत्र महाग असतं, म्हणून विकत घेण्याआधी महिनाभर भाड्यानं मिळतंय का ते जरूर विचारा. आणि रात्री चार तास लावून काढून टाकू नये, पहाटेच्या झोपेत श्वासकोंडी बहुधा जास्त असते. दुपारी झोपतानाही लावायचं.

सौम्य आजारात, किंवा यंत्र येईपर्यंत, कुशीवर झोपणं उपयोगी पडतं. जुन्या बनियनला पाठीमागे मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घाला, उताणं झालं की टोचतो आणि माणूस वळतो. दारू घेत असतील तर झोपेआधीच्या चार तासांत अजिबात नको. वजन दहा टक्क्यांनी, म्हणजे मालकांचं नऊ-साडेनऊ किलोनं उतरलं, तर श्वासकोंडीचा आकडा साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो. करण्यासारखं आहे, पण त्याला महिने लागतात, तोवर उपचार थांबवायचा नाही. सौम्य-मध्यम आजारात दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी पट्टीही बनवून देतात.

यंत्र आलं तरी हंगामातली अपुरी झोप उरतेच. तिथं तुमच्या हातात बरंच आहे. रात्री ८ च्या पाळीला जाण्याआधी दुपारी दीड तास झोप, आणि पहाटे घरी आल्यावर हलकं खाऊन लगेच अंथरूण. सोप्यात नको, तिथं सकाळपासून राबता असतो. आतली खोली द्या, खिडकीला जाड गोधडी लावा, फोन बंद. अकरापर्यंत कुणीही हाक मारायची नाही हे घरात ठरवून टाका, सासूबाईंनाही नीट समजावून. पहिली पाळी सगळ्यात वाईट, कारण ३ ला उठायचं तर ८ ला झोपायला हवं, आणि त्या वेळी घर जागं असतं. त्या आठवड्यात शेताचं काम मालकांकडे देऊच नका. मोटरीला ऑटो स्टार्टर बसवला तर लाईट आली की मोटर चालू करायला धावावं लागत नाही. ठिबक असेल तर रात्री दारं धरायचीही गरज उरत नाही. नसेल तर रात्रीच्या लाईटचा आठवडा आणि रातपाळी किंवा पहिली पाळी एकत्र आली की भावकीत वाटून घ्या किंवा मजूर लावा. मजुरी वाचवण्यासाठी एवढं जागरण करणं परवडणारं नाही. संध्याकाळी ६ चा चहा बंद, कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री ११-१२ ला अर्धा चहा अंगात असतोच.

एक गोष्ट कारखान्यातही सांगावी लागेल. ऑइलमन फिरत्या रोलरांजवळ आणि गिअरांजवळ वावरतो, तिथली दोन सेकंदांची डुलकी हात घेऊन जाते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फोरमनशी बोला, उपचार बसेपर्यंत रातपाळीत फिरत्या यंत्रापासून दूरचं काम मागा.

पायांवर सूज, आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं किंवा सकाळी उठल्यावर बराच वेळ भ्रमल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर व्हिडिओ आणि नोंदीत १४ दिवस घालवू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलीचं. जबड्याची आणि घशाची ठेवण, अंगाचा बांधा हे घराण्यातून येतं, त्यामुळे श्वासकोंडी एका घरात दोघांना दिसू शकते. पण ती घोरते असं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि किती वाजता झोपते तेही लिहिलेलं नाही. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. बारावीची मुलगी १२ ला झोपून ५ ला उठत असेल तर वर्गात पेंगण्याला दुसरं कारण शोधायला नको. दोन आठवडे तिला १० ला झोपवून बघा, आणि हिमोग्लोबिन तपासा, मुलींमध्ये १२ च्या खाली असणं फार आढळतं. एवढं करूनही पेंग राहिली, किंवा जोरात हसताना तिचे गुडघे लटपटतात, हातातलं पडतं, झोप लागताना किंवा जाग येताना अंग हलवताच येत नाही, असं काही सांगितलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार साधारण याच वयात सुरू होतो, आणि वर्षानुवर्षं आळस म्हणूनच दडपला जातो.

मालकांचा उपचार सुरू होऊन महिना झाला की तेच आठ प्रश्न पुन्हा दोघांनी वेगवेगळे भरा. दोन्ही कागदांवर आकडा १० च्या आत आला, यंत्रात रात्रीचे तास नीट भरलेले दिसले आणि डॉक्टरांनीही हो म्हटलं, की त्यांच्या मागे गाडीवर बसायला हरकत नाही. आधी दिवसा, आष्ट्यापर्यंत जाऊन या.